एक्सेलची पिवळी पट्टी, लाल पट्टी : मॅक्रोच्या सूचना कुठे बदलायच्या आणि किती

एप्रिल उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांवर निकालपत्रकाच्या एक्सेल फाइली फिरू लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत आयकराच्या फिरतात. कुणा तंत्रस्नेही गुरुजींनी खपून बनवलेली फाइल असते. गुण भरा, बटण दाबा, श्रेणी आणि प्रगतिपत्रकं तयार. सोसायटीच्या मेंटेनन्सची बिलं काढणाऱ्या, पगारपत्रक करणाऱ्या, आकडी रकमेची मराठीत अक्षरी रक्कम लिहून देणाऱ्या फाइलीही याच जातकुळीतल्या. फाइल उघडली की वर एक पट्टी येते, बटणं दाबली तरी काही हलत नाही आणि गटावर प्रश्न येतो, 'सर, माझ्याकडे चालत नाहीये.' उत्तरही ठरलेलं असतं : 'ट्रस्ट सेंटरमध्ये जा, सगळ्यात खालचा पर्याय निवडा, ओके करा.'

फाइल बऱ्याचदा चालू लागते, हे खरं. पण त्या एका फाइलीपायी तुम्ही यापुढे उघडाल त्या जवळजवळ प्रत्येक एक्सेल फाइलीला मोकळं रान मिळतं. शिवाय पिवळी पट्टी पुन्हा दिसतच नाही, त्यामुळे आपण काय करून ठेवलं आहे याची आठवणही राहत नाही. खाली दिलेली वाट थोडी लांबची आहे, पण तिच्यात परवानगी त्या फाइलीपुरती किंवा एका फोल्डरपुरती राहते. अख्ख्या एक्सेलच्या सेटिंगला हात लावायची वेळ फार क्वचित येते.

सगळं वर्णन विंडोजवरच्या एक्सेलचं आहे, २०१६ पासून पुढच्या आवृत्त्यांचं आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चं. मेनूची नावं इंग्रजीत जशी दिसतात तशीच देवनागरीत लिहिली आहेत. शब्दांत थोडाफार फरक दिसला तर गोंधळू नका, जागा त्याच आहेत.

पट्टी येतेच कशाला

मॅक्रो म्हणजे फाइलीच्या पोटात ठेवलेला छोटा प्रोग्रॅम. तो व्हीबीए नावाच्या भाषेत लिहिलेला असतो आणि ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ पासून आहे. मॅक्रो फक्त बेरजा करत नाही. तो डिस्कवरच्या दुसऱ्या फाइली वाचू शकतो, पुसू शकतो, इंटरनेटवरून काही उतरवून घेऊ शकतो, आउटलुकमधून तुमच्या नावाने ईमेल पाठवू शकतो. तुम्हाला संगणकावर जे करता येतं, ते बहुतेक सगळं त्यालाही करता येतं.

याचा गैरफायदा फार लवकर घेतला गेला. वर्डमधला 'कन्सेप्ट' हा मॅक्रो व्हायरस १९९५ चा, एक्सेलमधला 'लॅरू' १९९६ चा. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आला. वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्तापुस्तिकेतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःला पाठवून द्यायचा. पत्र ओळखीच्या माणसाकडून आलेलं असल्यामुळे लोक बिनधास्त उघडायचे. गटावर ओळखीच्या नंबरवरून आलेल्या फाइलीचंही तेच होतं, हे इथेच लक्षात ठेवा.

आजची रचना ऑफिस २००७ मध्ये 'ट्रस्ट सेंटर'च्या रूपाने आली. तेव्हा ठरलेलं धोरण असं : मॅक्रो बंद ठेवायचे, पण वापरणाऱ्याला विचारायचं. पिवळी पट्टी म्हणजे तो प्रश्न. अडचण अशी झाली की लोक न वाचताच 'हो' म्हणू लागले. म्हणून २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींसाठी प्रश्न विचारणंच बंद केलं. फेब्रुवारीत घोषणा झाली, जुलैमध्ये तक्रारींमुळे काही दिवस माघार घेतली आणि त्याच महिन्यात बदल पुन्हा लागू झाला. लाल पट्टी ती हीच. तिच्यावर 'चालू करा' असं बटणच नाही, फक्त 'लर्न मोअर' आहे. जुन्या व्हिडिओंत दाखवलेलं बटण तुमच्या पडद्यावर सापडत नाही, त्याचं कारण हे.

आधी पट्टी नीट वाचा

तीन वेगवेगळ्या पट्ट्या असतात आणि तिघींवरचा उपाय वेगळा आहे.

पहिली पिवळसर, तिच्यावर 'प्रोटेक्टेड व्ह्यू' असं लिहिलेलं आणि शेजारी 'एनेबल एडिटिंग' हे बटण. हिचा मॅक्रोशी थेट संबंध नाही. फाइल बाहेरून आलेली आहे, म्हणून ती फक्त वाचण्यापुरती उघडली आहे, एवढंच ती सांगते. नुसतं बघायचं असेल तर बटण दाबूच नका.

दुसरीही पिवळी. 'सिक्युरिटी वॉर्निंग, मॅक्रोज हॅव बीन डिसेबल्ड' आणि 'एनेबल कंटेंट' हे बटण. हा खरा प्रश्न, उत्तर तुमच्या हातात.

तिसरी लाल किंवा गुलाबीसर. 'सिक्युरिटी रिस्क' या शब्दांनी सुरू होते आणि फाइलीचा स्रोत भरवशाचा नाही म्हणून मॅक्रो अडवले आहेत, असं सांगते.

इथे नवख्यांना हमखास कोड्यात टाकणारी गोष्ट येते. तीच फाइल शाळेतल्या संगणकावर पिवळी पट्टी दाखवते आणि घरी लाल. फाइल बिघडलेली नसते. ब्राउझरमधून किंवा ईमेलमधून फाइल उतरवली की विंडोज तिला एक अदृश्य शिक्का मारून ठेवतो : ही इंटरनेटवरून आली. हा शिक्का फाइलीच्या आत नसतो. तो डिस्कच्या एनटीएफएस रचनेत फाइलीला चिकटवलेला असतो. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात आणि त्यांत असा शिक्का ठेवायला जागाच नाही. त्यामुळे पेनड्राइव्हवरून नेलेल्या फाइलीचा शिक्का वाटेतच गळून पडतो आणि तिकडे साधी पिवळी पट्टी दिसते. म्हणजे पिवळी पट्टी आली म्हणून फाइल सुरक्षित, असा अर्थ मुळीच काढायचा नाही. फाइल कुठून आली हे विंडोजला कळलेलं नाही, एवढाच तिचा अर्थ.

परवानगी देण्याआधीची पाच मिनिटं

फाइलीच्या नावाचं शेपूट बघा. 'एक्सएलएसएक्स' असेल तर तिच्यात मॅक्रो राहूच शकत नाहीत. 'एक्सएलएसएम', 'एक्सएलएसबी' आणि जुनं 'एक्सएलएस' यांत राहू शकतात. शेपूट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर खूण करा. हे एक सेटिंग मात्र सगळ्यांनी कायमचं बदलून ठेवावं.

पाठवणाऱ्याला विचारा, पण नेमकं विचारा. 'फाइल चांगली आहे ना?' याचं उत्तर नेहमी 'हो'च असतं. 'ही तुम्ही बनवली की पुढे ढकलली? मूळ कुणाची?' असं विचारलं की खरं काय ते कळतं. दहा गटांतून फिरून आलेल्या फाइलीत मधल्या कुणीही काहीही घातलेलं असू शकतं. शक्य असेल तर ज्याने बनवली त्याच्याकडूनच थेट घ्या.

फाइल उघडल्यावर पहिल्याच शीटवर मोठ्या अक्षरात 'मॅक्रो चालू करा, त्याशिवाय फाइल चालणार नाही' असं लिहिलेलं असतं. प्रामाणिक गुरुजींच्या फाइलीतही असतं आणि भामट्यांच्या फाइलीत तर असतंच. किंबहुना त्यांची ही आवडती युक्ती. तेव्हा त्या मजकुरावरून काहीच ठरवता येत नाही.

मॅक्रो बंद असतानाही आतला कोड वाचता येतो. ऑल्ट दाबून धरून एफ-११ दाबा, व्हीबीएची खिडकी उघडेल. (फाइल प्रोटेक्टेड व्ह्यूमध्ये असेल तर आधी त्यातून बाहेर यावं लागेल.) डावीकडे शीट आणि मॉड्यूल यांची यादी दिसते, एकेकावर दोनदा क्लिक करा. कोड समजलाच पाहिजे असं नाही. 'शेल', 'क्रिएट ऑब्जेक्ट' (इंग्रजीत, एकत्र लिहिलेलं), 'पॉवरशेल' (विंडोजला थेट हुकूम देण्याचं साधन) आणि इंटरनेटचे पत्ते, एवढं शोधा. निकालपत्रकाला पॉवरशेल कशाला लागतं, या प्रश्नाला सहसा चांगलं उत्तर नसतं. 'क्रिएट ऑब्जेक्ट' मात्र सरळ कामासाठीही वापरतात, त्यामुळे ते दिसलं की लगेच घाबरू नका, बनवणाऱ्याला विचारा. फाइल उघडताक्षणी आपोआप चालणारा भाग 'वर्कबुक ओपन' किंवा 'ऑटो ओपन' या नावाने असतो, तो आधी बघा.

कोडला पासवर्ड लावलेला असेल तर आत डोकावता येणार नाही. शिक्षकांमध्ये फिरणाऱ्या बऱ्याच फाइली अशा कुलूपबंद असतात, कारण कुणी आपलं नाव काढून स्वतःचं घालू नये, ही बनवणाऱ्याची रास्त भीती. मग भरवसा पूर्णपणे माणसावरच ठेवावा लागतो. व्हायरस टोटलसारख्या संकेतस्थळावर फाइल तपासता येते, पण तिथे चढवलेली फाइल इतरांच्याही हाती जाऊ शकते. म्हणून फक्त कोरी फाइल चढवा. विद्यार्थ्यांची नावं, आधार क्रमांक, पगाराचे आकडे भरलेली फाइल कधीच नाही.

आणखी एक. मॅक्रोने शीटमध्ये केलेला बदल कंट्रोल-झेडने सहसा मागे घेता येत नाही. भरलेली फाइल मॅक्रोच्या हवाली करण्याआधी तिची एक प्रत बाजूला काढून ठेवा.

लाल पट्टी : शिक्का काढणं

खात्री पटली असेल तर फक्त या एका फाइलीचा शिक्का काढायचा.

१. एक्सेल बंद करा. फाइल जिथे उतरवली आहे ते फोल्डर उघडा, सहसा 'डाउनलोड्स'.

२. फाइल उतरवलेल्या जागीच न ठेवता कामाच्या फोल्डरमध्ये हलवा. हे सक्तीचं नाही, पण पुढे सोयीचं पडतं.

३. फाइलीवर राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' निवडा. विंडोज ११ मध्येही तो त्याच मेनूत आहे.

४. 'जनरल' या टॅबच्या तळाशी 'सिक्युरिटी' लिहिलेलं दिसेल आणि शेजारी 'अनब्लॉक' हा चौकोन. त्यात खूण करा, 'अप्लाय' आणि मग 'ओके'.

५. फाइल पुन्हा उघडा. आता लाल पट्टीच्या जागी पिवळी येईल आणि तिच्यावर 'एनेबल कंटेंट' हे बटण असेल.

झिप फाइल आली असेल तर क्रम महत्त्वाचा. विंडोजच्या स्वतःच्या सोयीने झिप सोडवली की झिपवरचा शिक्का आतल्या प्रत्येक फाइलीवर उमटतो. म्हणून आधी झिपचाच शिक्का वरच्या पद्धतीने काढा, मग ती सोडवा. झिपच्या आतूनच फाइल उघडून काम सुरू करू नका. ती तात्पुरत्या फोल्डरमधून चालते आणि भरलेले गुण कुठे गेले ते नंतर शोधत बसावं लागतं.

'अनब्लॉक' हा चौकोन दिसतच नसेल तर फाइलीवर शिक्का नाही. तरी लाल पट्टी येत असेल तर बहुधा तुम्ही ती लॅबच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवरच्या सामाईक फोल्डरमधून थेट उघडता आहात. ती आपल्या डिस्कवर उतरवून घ्या आणि पुन्हा बघा.

पिवळी पट्टी : एकदाच की कायमचं

'एनेबल कंटेंट' दाबलं की मॅक्रो चालू होतात आणि एक्सेल ती फाइल 'ट्रस्टेड डॉक्युमेंट' म्हणून लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी विचारणार नाही. पण ही आठवण त्या नावाच्या, त्या जागेवरच्या फाइलीपुरती आहे. फाइलीचं नाव बदललं किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये नेली की प्रश्न पुन्हा येतो. दरवर्षी 'निकाल' फाइलीची प्रत काढून नवं वर्ष लिहिणाऱ्यांना दरवर्षी पट्टी दिसते, ती त्यामुळे. यात काही बिघडलेलं नाही.

फाइल फक्त एकदा चालवून बघायची असेल तर पट्टीवरचं बटण दाबू नका. 'फाइल' मेनूत 'इन्फो'वर जा. तिथे पिवळ्या चौकटीत 'एनेबल कंटेंट'च्या खाली छोटा बाण आहे, त्यातून 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा आणि 'एनेबल कंटेंट फॉर धिस सेशन'. फाइल बंद केली की परवानगी संपली. नव्या माणसाकडून आलेल्या फाइलीसाठी मला हाच मार्ग सगळ्यात पटतो, आणि तो फारसं कुणी सांगत नाही याचं नवल वाटतं.

रोजच्या कामासाठी : एक भरवशाचं फोल्डर

तुम्हीच बनवलेल्या, रोज लागणाऱ्या आठ-दहा मॅक्रो फाइली असतील तर प्रत्येकीला वेगळी परवानगी देण्याचा कंटाळा येणारच. त्यासाठी 'ट्रस्टेड लोकेशन' आहे. त्या फोल्डरमधली फाइल उघडली की कुठलीच पट्टी येत नाही, लालही नाही आणि प्रोटेक्टेड व्ह्यूचीही नाही. एवढी मोकळीक असल्यामुळेच फोल्डर जपून निवडायचं.

१. 'डॉक्युमेंट्स'मध्ये एक नवं फोल्डर करा. नाव ओळखू येईल असं ठेवा, उदाहरणार्थ 'मॅक्रो-तपासलेल्या'.

२. एक्सेलमध्ये 'फाइल', 'ऑप्शन्स', 'ट्रस्ट सेंटर', 'ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज' असं आत जा.

३. डावीकडे 'ट्रस्टेड लोकेशन्स' निवडा. तिथे आधीच काही ओळी दिसतील. त्या एक्सेलच्या स्वतःच्या आहेत, तशाच राहू द्या.

४. 'ॲड न्यू लोकेशन' दाबा, 'ब्राउझ' करून नवं फोल्डर निवडा.

५. 'सबफोल्डर्स ऑफ धिस लोकेशन आर ऑल्सो ट्रस्टेड' ही खूण शक्यतो करू नका. आतल्या फोल्डरांत पुढेमागे काय येऊन पडेल ते आज सांगता येत नाही.

६. खाली 'डिस्क्रिप्शन'मध्ये तारीख आणि कारण लिहा. वर्षभराने ही ओळ बघणाऱ्याला, म्हणजे बहुधा तुम्हालाच, उपयोगी पडते.

'डाउनलोड्स', अख्खं 'डॉक्युमेंट्स', डेस्कटॉप किंवा सी ड्राइव्ह यांपैकी काहीही इथे घालायचं नाही. 'डाउनलोड्स' भरवशाचं ठरवणं म्हणजे सोसायटीच्या फाटकावर वॉचमन ठेवून त्याला 'येईल त्याला आत सोड' असं सांगणं. नेटवर्कवरच्या फोल्डरसाठी त्याच पानावर वेगळी खूण आहे आणि तिच्यापुढे मायक्रोसॉफ्टनेच 'नॉट रेकमेंडेड' लिहून ठेवलं आहे. त्या सामाईक फोल्डरमध्ये कोण कोण फाइल टाकू शकतं याची यादी तुम्हाला बिनचूक सांगता येत नसेल तर ती खूण तुमच्यासाठी नाही.

आता ते प्रसिद्ध चार पर्याय

त्याच ट्रस्ट सेंटरमध्ये डावीकडे 'मॅक्रो सेटिंग्ज' आहे. 'डेव्हलपर' टॅब दिसत असेल तर 'मॅक्रो सिक्युरिटी' बटणातूनही इथेच येता.

पहिला पर्याय, न सांगता सगळे मॅक्रो बंद. फाइल मुकाट उघडते आणि बटणं मेलेली असतात. ज्यांना मॅक्रो कधीच लागत नाहीत त्यांना, म्हणजे उदाहरणार्थ घरातल्या ज्येष्ठांच्या संगणकावर, हा चांगला.

दुसरा, बंद पण सूचना देऊन. नव्या एक्सेलमध्ये हाच आधीपासून निवडलेला असतो, आणि बहुतेकांनी तो तसाच ठेवावा.

तिसरा, डिजिटल सही असलेले सोडून बाकीचे बंद. सही करणारा तुमच्या भरवशाच्या यादीत असेल तर मॅक्रो चालतात, सही आहे पण माणूस यादीत नाही तर विचारलं जातं, सही नसेल तर काहीच न बोलता बंद. ऑफिसात एकच जण मॅक्रो लिहून सगळ्यांना देत असेल तर हा पर्याय फार उपयोगी.

चौथा, सगळे चालू. गटावर सांगतात तो हाच. आत्ता लगेच तुमच्या एक्सेलमध्ये जाऊन बघा. तो निवडलेला असेल तर दुसऱ्यावर या आणि लागणाऱ्या फाइली वरच्या फोल्डरमध्ये हलवा. काम कुठलंच अडणार नाही.

ही निवड संगणकावरच्या त्या वापरकर्त्यापुरती आणि फक्त एक्सेलपुरती असते. वर्डची वेगळी, पॉवरपॉइंटची वेगळी. शाळेच्या सामाईक संगणकावर वेगवेगळ्या लॉगिनने बसणाऱ्यांना प्रत्येकाला आपापली बघावी लागेल. पर्याय करडे दिसत असतील आणि क्लिकच होत नसतील तर संस्थेच्या संगणक विभागाने ते धोरणानेच बांधलेले असतात. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या कोठारात, शिरून ते सोडवायच्या युक्त्या यूट्यूबवर मिळतात. त्यापेक्षा विभागाला फोन करा, ते फोल्डर भरवशाचं करून देऊ शकतात.

याच पानावर आणखी दोन चौकोन आहेत. एक 'एक्सेल ४.० मॅक्रोज' चालू करण्याचा. ही १९९२ ची, व्हीबीएच्याही आधीची पद्धत. अलीकडे व्हायरसवाल्यांनी तिचा इतका वापर केला की मायक्रोसॉफ्टने ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. खूण नको. दुसरा 'ट्रस्ट ॲक्सेस टू द व्हीबीए प्रोजेक्ट ऑब्जेक्ट मॉडेल'. मॅक्रोला दुसरे मॅक्रो लिहू देण्याची ही परवानगी आहे. एखाद्या फाइलीच्या सूचनेत ही खूण करायला सांगितलं असेल तर कारण विचारा. काम झाल्यावर काढून टाका.

स्वतः मॅक्रो लिहीत असाल तर

लोकांना चौथा पर्याय निवडायला सांगू नका. फाइलीसोबत 'अनब्लॉक'ची चार वाक्यं पाठवा, पुरे. स्वतःच्या संगणकापुरती सही हवी असेल तर ऑफिसच्या फोल्डरमध्ये 'सेल्फसर्ट' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. त्याने प्रमाणपत्र तयार होतं आणि व्हीबीएच्या खिडकीत 'टूल्स', 'डिजिटल सिग्नेचर' इथून ते फाइलीला लावता येतं. ही घरगुती सही दुसऱ्याच्या संगणकावर आपोआप मान्य होत नाही.

मॅक्रोच्या आत सूचना बंद करणारी एक ओळ नवे लिहिणारे फार सढळ हाताने वापरतात : 'ॲप्लिकेशन डॉट डिस्प्ले-अलर्ट्स बरोबर फॉल्स'. तिचं काम पट्टीशी संबंधित नाही. मॅक्रो चालू असताना 'ही शीट पुसू का?', 'या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का?' असे प्रश्न विचारायचे नाहीत, असं ती सांगते. प्रश्न विचारला नाही म्हणजे काम थांबलं असं नाही, उत्तर एक्सेल स्वतः देऊन टाकतं. 'सेव्ह ॲज' करताना त्याच नावाची फाइल आधीपासून असेल तर खिडकीत मुळात 'नाही' निवडलेलं असतं. सूचना बंद असताना मात्र एक्सेल 'हो' धरतं आणि जुन्या फाइलीवर नवी लिहून मोकळं होतं. शीट पुसली तर तीही परत येत नाही.

म्हणून ही ओळ ज्या एका आज्ञेसाठी हवी तिच्या लगेच आधी लिहा आणि लगेच नंतर 'ट्रू' करा. मॅक्रो संपला की एक्सेल सूचना आपणहून पुन्हा सुरू करतं, पण मॅक्रो लांबलचक असेल तर तोवरच्या सगळ्या आज्ञा प्रश्नाविना पार पडलेल्या असतात. दुसऱ्या प्रोग्रॅममधून एक्सेल चालवत असाल तर आपोआप सुरू होण्याचाही भरवसा धरू नका.

बाकीच्या त्रासदायक सूचना

मॅक्रो फाइल सेव्ह करताना दर वेळी 'बी केअरफुल!' असं सुरू होणारी खिडकी येते, वैयक्तिक माहिती काढता येत नाही म्हणते. ट्रस्ट सेंटरच्या 'प्रायव्हसी ऑप्शन्स'मध्ये 'रिमूव्ह पर्सनल इन्फर्मेशन फ्रॉम फाइल प्रॉपर्टीज ऑन सेव्ह' ही खूण काढा, खिडकी थांबेल. हे सेटिंग त्या फाइलीपुरतं असतं, म्हणून ती फाइल उघडी ठेवूनच बदला.

दुसऱ्या फाइलीतून आकडे ओढणारी फाइल उघडताना 'अपडेट करू का?' विचारते. 'ऑप्शन्स', 'ॲडव्हान्स्ड', 'जनरल' इथे 'आस्क टू अपडेट ऑटोमॅटिक लिंक्स' ही खूण काढली की एक्सेल न विचारता अपडेट करू लागतं. लक्षात घ्या, प्रश्न बंद होतो म्हणजे उत्तर 'हो' ठरतं. मी ती काढत नाही.

सेलच्या कोपऱ्यातले हिरवे त्रिकोण 'ऑप्शन्स', 'फॉर्म्युलाज'मधल्या 'एरर चेकिंग रूल्स'मधून बंद होतात. सगळी तपासणी बंद करू नका. 'नंबर्स फॉरमॅटेड ॲज टेक्स्ट' एवढाच नियम काढा. बँक खात्याचे क्रमांक मजकूर म्हणूनच ठेवावे लागतात, कारण एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच धरतं, पुढे शून्यं भरतं आणि सुरुवातीची शून्यं तर गिळूनच टाकतं. तिथे त्रिकोण आला म्हणजे क्रमांक बरोबर साठवला गेला आहे. त्रिकोणावर क्लिक करून 'कन्व्हर्ट टू नंबर' केलं तर खाते क्रमांक बिघडू शकतो.

'सेलवर आधीचा मजकूर आहे, बदलू का?' ही ओढून हलवतानाची सूचना 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'अलर्ट बिफोर ओव्हररायटिंग सेल्स' या नावाने आहे. ठेवा.

दिलेल्या परवानग्या परत घेणं

आजवर कुठकुठे 'एनेबल कंटेंट' दाबलं ते आठवत नसेल तर ट्रस्ट सेंटरमध्ये 'ट्रस्टेड डॉक्युमेंट्स'वर जा आणि 'क्लिअर' दाबा. सगळ्या फाइली पुन्हा विचारू लागतील, मजकुराला धक्का लागत नाही. 'ट्रस्टेड लोकेशन्स'मधली नको असलेली ओळ निवडून 'रिमूव्ह' करा. वर्ष संपल्यावर, निकालाची धांदल उरकली की, हे दोन्ही करून टाकायला दोन मिनिटंही लागत नाहीत. जुना संगणक दुसऱ्या शिक्षकाच्या हवाली करत असाल तर आधी हे करा.

मॅकवर हेच पर्याय एक्सेलच्या 'प्रेफरन्सेस'मधल्या 'सिक्युरिटी'च्या पानावर थोडक्यात मिळतात. लिब्रे ऑफिसमध्ये 'टूल्स', 'ऑप्शन्स', 'सिक्युरिटी', 'मॅक्रो सिक्युरिटी' असं जायचं. तिथे चार पातळ्या आहेत आणि सुरुवातीला 'हाय' असते. मोबाइलवरच्या किंवा ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये व्हीबीए मॅक्रो चालतच नाहीत, गूगल शीट्समध्येही नाहीत. 'सर, माझ्या मोबाइलवर बटण दाबलं तर काहीच होत नाही' असं कुणी म्हणालं तर त्यांना कुठलंही सेटिंग बदलायला लावू नका, संगणकावर बसायला सांगा.